दारातली मोटारसायकल

सांजची वेळ आहे. कुणाची धार चालू असेल, कुणी भाकरी थापत असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आज आम्ही गाडीवर बोलणार आहोत. गाडी म्हणजे आपल्या दारात उभी असते ती मोटारसायकल. आपल्या आज्या तिला फटफटी म्हणायच्या. विषय ऐकून कुणी हसेल, की हा पुरुषांचा विषय, बचत गटाच्या बायांना काय करायचाय? आम्हीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत असंच म्हणत होतो.

आमच्या गटात आम्ही १२ जणी. एका बैठकीत सहज मोजायला बसलो. दारात गाडी किती जणींच्या? ९ निघाल्या. त्यातल्या ६ गाड्यांना गटाचं कर्ज लागलेलं. मग विचारलं, आरसीवर नाव कुणाचं? ५ मालकांच्या नावावर, ३ सासऱ्यांच्या, १ मोठ्या दिरांच्या. आमच्यातल्या एकीचंही नाव कुठं नाही. कर्ज आमच्या नावावर, हप्ता आमच्या शेळ्या-कोंबड्यांतून, पेट्रोलही बऱ्याचदा अंड्यांच्या पैशातून. आणि गाडीचा विमा कधी संपतो हे १२ जणींत एकीलाही सांगता येईना.

हे मोजायची वेळ का आली, ते आधी सांगतो. सांगायला जड जातं, पण त्या ताईंनी स्वतःच सांगितलंय, “रेडिओवर सांगा, माझं नाव तेवढं घेऊ नका.”

आमच्या गटातल्या या ताई. त्यांनी गटातून ४० हजार रुपये उचलले, चार शेळ्या विकल्या आणि घरात नवी गाडी आली. गाडी चालवायचे त्यांचे मालक. पण पासिंगच्या वेळी घरात ठरलं, म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून सासऱ्यांच्या नावावर करू. ताईही हो म्हणाल्या. आपणही म्हणालो असतो. पुढं श्रावणात, रात्रीच्या वेळी, वळणावर पडलेल्या खडीवरून गाडी घसरली आणि मालक गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. समोरून कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळं दुसऱ्या गाडीच्या विम्याचाही प्रश्न नव्हता.

तेराव्यानंतर ताई प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आमच्याकडं आल्या. आम्ही बीए झालोय, गटाचे हिशोब लिहितो, बँकेत बोलतो. पण गाडीची पॉलिसी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचली. दोन गोष्टी कळल्या.

पहिली अशी. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, २०१८ च्या सप्टेंबरपासून तसा नियम आहे. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपल्या स्वतःच्या माणसासाठी वेगळा भाग असतो, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, १५ लाखांचा. तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. पाच वर्षांचा कागद हातात आहे म्हणून आपण निर्धास्त असतो आणि आपल्या माणसाचा विमा पहिल्याच वर्षी संपलेला असतो. ताईंच्या घरी तेच झालं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. तो विमा चालू असता तरी अडचण होतीच. मालक-चालक म्हणजे कोण, हे पॉलिसीच्या अटीत लिहिलेलं असतं. आरसीवर ज्याचं नाव, पॉलिसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडं लायसन्स आहे, तो. गाडी सासऱ्यांची आणि चालवणारा मुलगा, म्हणजे तो त्या व्याख्येत बसत नाही.

आता आमची चूक सांगतो. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, १८ ते ७० वयाच्या माणसाला घेता येतो. आमच्या गटातल्या १२ जणींचा तो विमा आम्ही स्वतः फॉर्म भरून काढला होता. घरातल्या पुरुषांचा काढायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. रात्री-बेरात्री गाडीवर जाणारा माणूस तोच, आणि २० रुपयांच्या कागदात त्याचंच नाव नाही. हे आम्हाला अजून लागतं.

पुढं दुरुस्त होऊन गाडी आली ती धाकट्या दिरांकडं गेली. कागद सासऱ्यांच्या नावाचे, त्यांनी दिली. त्यात बेकायदा काही नाही. पण गटाचे २२ हजार अजून बाकी होते आणि महिन्याला दीड हजार ताई भरत होत्या. दारावरून गाडी जायची आणि तिचा हप्ता भरणारी बाई दारात उभी राहून बघायची. तालुक्याच्या विधी सेवा समितीत बायांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तिथं आम्ही ताईंना घेऊन गेलो. ते काम अजून चालू आहे.

त्या बैठकीत आमच्यात भांडण झालं, खोटं कशाला सांगू. एक अक्का म्हणाल्या, “आता गाडीला कर्जच द्यायचं नाही.” दुसऱ्या म्हणाल्या, “द्यायचं, पण आरसी सभासद बाईच्या नावावर.” सगळ्यांनी माना डोलवल्या. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या काकूंनी विचारलं, “गाडी माझ्या नावावर आणि चालवणार हे. मग ह्यांना काही झालं तर पुन्हा तेच की. अन् मला तर लायसन्सच नाही.”

काकूंचं बरोबर होतं. नुसतं नाव लावून भागत नाही. थोडे पैसे जास्त भरून मागं बसणाऱ्याचा किंवा दुसऱ्या एखाद्या माणसाचा अपघात विमा पॉलिसीत घालता येतो, एजंटाला नाव सांगून विचारायचं. २०२१ पासून आरसीवर वारसाचं नावही लावता येतं, बँकेच्या खात्याला लावतो तसं. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत गाडी नावावर करायचा अर्ज द्यायचा. हे सगळं आम्ही वहीत लिहून घेतलं. पण काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं, नावावर घ्यायची तर चालवायलाही यायला पाहिजे. आणि आमच्यातल्या दोघी-तिघींनी स्कूटीवर हात बसवला होता तेवढंच. त्यांचं लायसन्स विनागिअरचं, ते मोटारसायकलला चालत नाही.

मग शिकायचं ठरलं. पाझर तलाव उन्हाळ्यात कोरडा असतो, माणदेशात तलाव कोरडा असायला काय लागतं म्हणा. तिथं रविवारी सकाळी जायचो. शिकवायला एकीचा भाचा आणि एकीचे मालक. गाडी जुनी स्प्लेंडर.

सगळ्यात भीती कशाची वाटली असेल? चालवायची नव्हे, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची. ११० किलोच्या वरचं धूड, आपल्याच्यानं कसं उचलणार? पण ते उचलायचं नसतंच. डावा हात हँडलला, उजवा हात सीटमागच्या कडीला, उजवा पाय स्टँडच्या पट्टीवर. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकले आहेत हे बघायचं आणि मग सगळं अंग त्या पायावर टाकायचं. हातानं नुसता आधार. पाण्याचा हंडा डोक्यावर घेणारी बाई ताकदीनं घेत नाही, तोल साधून घेते. तसंच आहे. आमच्यातल्या ५० वर्षांच्या अक्कांना ते दुसऱ्या झटक्यात जमलं आणि त्यांच्या मालकांनी तोंडात बोट घातलं.

क्लच शिकायला मात्र दोन रविवार गेले. क्लच एकदम सोडला की गाडी उडी मारून बंद. हळू सोडत यायचं, एका जागी गाडी पुढं सरकायला बघते, तिथं हात क्षणभर थांबवायचा. त्या जुन्या गाडीला चारही गिअर पुढं दाबून पडतात. सगळ्या गाड्यांना तसं नसतं, म्हणून दुसऱ्याची गाडी घेताना आधी विचारायचं.

पुढचा ब्रेक मारायचा नाही, गाडी पालथी होते, असं पुरुष सांगतात. आम्हालाही सांगितलं. खरं म्हणजे गाडी थांबते ती जास्त करून पुढच्याच ब्रेकनं. दोन्ही बरोबर लावायचे, झटका न देता, आणि हँडल सरळ असताना. वाळूत, चिखलात, खडीवर फार हलक्या हातानं. आणि अशी जागा दिसली की आधीच वेग कमी करायचा, त्यावर जाऊन ब्रेक शोधायचा नाही. हे शिकताना त्या ताई आमच्यात होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण खडीच्या ढिगाजवळून त्यांनी गाडी तीन वेळा परत परत नेली.

कपड्याचं सांगायलाच पाहिजे. पदर नाहीतर ओढणी चाकात जाऊन बाया पडतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मागच्या चाकाला जाळी असते, साडी गार्ड. पोरं नवी गाडी आणली की पहिल्यांदा तीच काढून टाकतात, दिसायला बरी नाही म्हणून. मागं धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि चाकाचा अर्धा भाग झाकणारी ही जाळी, या तिन्ही गोष्टी मोटार वाहन नियमांत सक्तीच्या आहेत. काढलेली असेल तर बसवून घ्या, रागवा पण बसवून घ्या. पदर पुढून घेऊन कमरेला खोचायचा. चालवताना आम्ही पंजाबी ड्रेस घालतो, ओढणी घरी ठेवतो. यावरून दोन घरांत कुरबुर झाली, मिटली. हेल्मेट आयएसआयचा शिक्का बघून घ्यायचं आणि पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी जमिनीवर पडतं.

लायसन्सही काढलं. आधी शिकाऊ, ते सहा महिने चालतं. ३० दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. आम्ही सहा जणी परीक्षेला उभ्या राहिलो, चौघी पास झालो. दोघींचा पाय खाली टेकला. त्यातल्या एक आम्हीच! दुसऱ्या वेळी पास झालो.

पोरांच्या आयांनो, इथं एक ऐका. नववी-दहावीतला मुलगा गाडी मागतो, आपण कौतुकानं चावी देतो, दळण तेवढं आणेल म्हणून. १८ च्या आतल्या मुलानं गाडीसह गुन्हा केला तर पालकाला नाहीतर गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, २०१९ च्या कायद्यात आहे. वर गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. गाडी आपल्या नावावर घेतली की हेही आपल्याच नावावर येतं, हे धरून चाला.

आता निगा. गाडी धुतं कोण? आपणच की. सणावाराला, नाहीतर लग्नाला जायच्या आदल्या दिवशी, बादली आणि चिंधी घेऊन आपणच बसतो. म्हणजे गाडीच्या खालवरच्या भागाला हात आपला लागलेलाच आहे. नुसती धुण्याऐवजी जरा बघायला लागलो, एवढाच काय तो फरक.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चेनचं. आपले रस्ते म्हणजे फुफाटा. चेनला तेल लावलं की त्यावर माती बसते आणि तेल-मातीचा लगदा दगडासारखा चेन झिजवतो. म्हणून आधी साफ करायची, मग तेल. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढून खिशात. हे ठळक सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवत साफ करणारे लोक आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांची बोटं गेली आहेत. चाक हातानं फिरवायचं. जुना दात घासायचा ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल, मग कोरड्या चिंधीनं पुसायची, मग ९० नंबरचं तेल थेंब थेंब आतल्या बाजूनं. जास्तीचं पुसून टाकायचं.

मग ढील बघायची. खालच्या बाजूला, दोन चक्रांच्या मधोमध, बोटानं चेन वर-खाली करायची. साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे, म्हणजे अंदाजे इंचभर. चाक फिरवून चार ठिकाणी बघायची, कारण एका जागी घट्ट आणि एका जागी सैल असेल तर चेन-चक्र बदलायची वेळ आली. फार ढिली असेल तर उतरते. पण फार ताणलेली त्याहून वाईट, बेअरिंग खाते. ताणताना मागच्या चाकाचा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवायचे, दोन्हीकडं खुणा असतात त्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि चाक मागं सरकलं की मागचा ब्रेक घट्ट होतो, तो परत सैल करून बघायचा. आम्ही पहिल्या वेळी हेच विसरलो. गाडी ओढत नव्हती, आम्ही म्हणतोय इंजिन गेलं. मागचा ड्रम चटका बसेल इतका तापला होता!

इंजिन ऑइल बघणं तर दुधाला उकळी आली का बघण्याइतकं सोपं. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर. इंजिन तीन-चार मिनिटं चालवायचं, बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. काडी काढून पुसायची, परत आत घालायची. आमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की आटे न फिरवता नुसती टेकवायची. बाहेर काढून तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघायचं. या गाड्यांत तेल सगळं मिळून एक लिटरच्या आसपास, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी इंजिन रडतं. बदललेलं काळं तेल विहिरीजवळ नाहीतर ओढ्यात ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजला द्या.

हवा आठवड्याला एकदा, चाक गार असताना. आमच्या गाडीच्या पुस्तकात पुढं २५ आणि एकटीसाठी मागं २८ आहे. मागं माणूस किंवा दुधाचे कॅन असतील तर मागं जास्त लागते, तेही पुस्तकात असतं. ज्यांचं पुस्तक हरवलंय त्यांनी चेनच्या कव्हरवर किंवा आसपास स्टिकर असतो तो बघावा.

गाडी सुरू होत नसेल तर मेस्त्रीला फोन करण्याआधी चार गोष्टी बघायच्या. लाल बटण बंद आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, टाकीत खरंच पेट्रोल आहे का, प्लगची टोपी नीट बसलीय का. जुन्या गाड्यांना कॉक आणि रिझर्व्ह असतो. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आहे, त्यांना रिझर्व्ह नाही, काटा बघूनच चालायचं. कार्बोरेटर, टॅपेट, इंजिनच्या आतलं काही उघडायचं नाही. ते मेस्त्रीचं काम, त्याला त्याचे पैसे द्यावेत. फक्त काय बदललं ते विचारावं आणि जुना पार्ट मागून घ्यावा.

आणि पेट्रोल बाटलीत भरून स्वयंपाकघरात ठेवू नका. चूल आणि गॅस तिथंच असतो. हे आपल्याकडं घडतं म्हणून सांगतो.

हिशोबाचं तर आपल्याला शिकवायला नको. गटाच्या वहीत एक पान गाडीला दिलं. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं ते बघून भागायचं. एकीची गाडी लिटरला ६० देत होती ती ४४ वर आली. मालक म्हणाले, पेट्रोलच खराब येतंय. बघितलं तर एअर फिल्टर धुळीनं गच्च आणि पुढचा ब्रेक घासत होता.

आता त्या ताईंचं. गेल्या दिवाळीनंतर त्यांचे गटाचे पैसे फिटले. मग त्यांनी पुन्हा अर्ज दिला, जुनी गाडी घ्यायला, ३० हजारांचा. या वेळी बैठकीत कुणी काही विचारलं नाही. गाडी बघायला आम्ही चौघी गेलो. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा नंबर खडूनं घासून ताडून बघितला. आरसीवर कुठल्या बँकेचा, फायनान्सचा बोजा नाही ना ते बघितलं. असता तर ना-हरकत दाखला आल्याशिवाय पैसे दिले नसते. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घेतल्या आणि त्याच आठवड्यात कागद आरटीओत दिले. आरसीवर ताईंचं नाव, वारस म्हणून मुलीचं. मालक-चालकाचा विमा ताईंच्या नावावर, तारीख वहीत लाल पेनानं. रोज पहाटे त्या दोन कॅन घेऊन डेअरीला जातात. परवा वाटेत धाकट्या दिरांची गाडी चेन उतरून उभी होती. ताई थांबल्या, चेन चढवून दिली, आणि म्हणाल्या, “भावजी, लई ढिली ठेवलीय, नट आवळून घ्या.”

पुढची बैठक मंगळवारी, देवळाच्या सभामंडपात. येताना आरसी आणि पॉलिसी दोन्ही आणा, मोबाइलमधला फोटो नको, अक्षर दिसत नाही. मालकांचं बँकेचं पासबुकही आणा, २० रुपयांचा फॉर्म तिथंच भरू. हवा मोजायचा गेज गटानं विकत घेतलाय, ज्यांना येता येईल त्यांनी गाडी घेऊनच या.